दोन्ही बाजूंच्या वह्या

७ सप्टेंबर १९६५. पहाटे पंजाबातल्या आदमपूर तळावरून हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं सरगोध्याच्या दिशेने निघाली. सरगोधा म्हणजे पाकिस्तानी हवाई दलाचं काळीज. तुकडीचं नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा करत होते. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोप्पय्या देवय्या यांना त्या दिवशी राखीव ठेवलं होतं. मूळ तुकडीतलं एखादं विमान बिघाडामुळे मागे फिरलं, तरच त्यांनी पुढे जायचं. तशी वेळ आली आणि देवय्या गेले. हल्ला झाला, बाकीची विमानं परतली, देवय्या परतले नाहीत. त्यांचं काय झालं हे पाहिलेला एकही सहकारी नव्हता. विमानविरोधी तोफांचा मारा होता, इंधनाचा हिशेब काठावरचा होता, परतीची वाट शत्रूच्या प्रदेशावरून होती. तर्काला भरपूर जागा होती. कागदोपत्री ते बेपत्ता ठरले आणि पुढे मृत मानले गेले.

चौदा वर्षांनी, १९७९ साली, जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं त्या हवाई युद्धावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने लिहिलेलं ते पुस्तक कोणाच्या बाजूला झुकलेलं आहे, हे पानापानांवर जाणवतं. पण त्याच पुस्तकात त्या सकाळच्या एका लढतीची हकीकत होती. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन आपलं एफ-१०४ स्टारफायटर घेऊन परतणाऱ्या मिस्टेअर विमानांच्या मागे लागले, त्यांतल्या एकावर त्यांनी मारा केला. आणि तरीही ते मिस्टेअर वळून त्यांच्याशी भिडलं. अखेर अमजद यांना आपलं विमान सोडून पॅरॅशूटने उतरावं लागलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं, अमेरिकेने दिलेलं, पाकिस्तानला ज्याचा सर्वांत जास्त अभिमान होता असं हे विमान, आणि ते पाडणारं मिस्टेअर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही न गाठणारं. तनेजांच्या तुकडीतून न परतलेलं मिस्टेअर एकच होतं. दोन देशांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर त्या अनामिक वैमानिकाचं नाव लिहायला फारसा अवधी लागणार नव्हता, पण त्या शेजारी ठेवणारं कोणीतरी हवं होतं. तनेजांनी पाठपुरावा केला. १९८८ साली, म्हणजे घटनेनंतर तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झालं आणि त्यांच्या पत्नीने ते स्वीकारलं.

लष्करी विमानांच्या इतिहासात तथ्यांची पडताळणी का करायची, असं मला कोणी विचारलं तर मी आधी ही हकीकत सांगतो. पडताळणी म्हणजे वीरांच्या अंगावरची पदकं उपटून काढणं, असा एक समज आपल्याकडे आहे. देवय्यांच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. त्यांचं शौर्य आपल्या सरकारी कागदांत नव्हतं, सहकाऱ्यांच्या आठवणींत नव्हतं, वर्तमानपत्रांत तर नव्हतंच. ते प्रतिपक्षाच्या नोंदीत होतं, आणि तेही अशा पुस्तकात, जे आपल्यापैकी अनेकांनी पक्षपाती म्हणून न वाचताच बाजूला सारलं असतं. हे पुस्तक लिहिताना मी जी शिस्त पाळायचा प्रयत्न केला, तिचं मूळ इथे आहे: विमान पडलं की नाही हे पाडणाऱ्याच्या वहीवरून ठरत नाही, ज्याचं पडलं त्याच्या वहीवरून ठरतं.

खरं तर ही शिस्त मराठी माणसाला परकी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, तो पानिपतच्या काळातल्या अस्सल पत्रांचा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरी आणि पत्रं समोरासमोर ठेवून बखरींची जी झडती घेतली, तिच्यामुळे मराठ्यांच्या इतिहासलेखनाची दिशाच बदलली. बखर लिहिणारा लबाड होता म्हणून तिच्यातल्या तारखा चुकल्या असं नाही. तो पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, ऐकीव माहितीवर, धन्याच्या गौरवासाठी लिहीत होता. भारतीय हवाई दलाबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं आजही बखरीच्या अवस्थेत आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. दिवाळी अंकांतल्या युद्धकथा, निवृत्त अधिकाऱ्यांची व्याख्यानं, पदकांची मानपत्रं आणि इंग्रजी पुस्तकांतून उचललेले उतारे यांच्या आधारावर एक लेख उभा राहतो. त्या लेखावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. तिसऱ्या लेखात मूळच्या 'बहुधा'ची जागा 'निश्चितपणे'ने घेतलेली असते.

आकाशातल्या लढाईची अडचण जमिनीवरच्या लढाईपेक्षा वेगळी आहे. तिथे रणांगण उरत नाही. गडावर चढून गेलो तर बुरूज मोजता येतो, खिंडीत उभं राहिलं तर तिची रुंदी कळते. दोन जेट विमानं समोरासमोरून एकमेकांकडे येतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने कमी होऊ शकतं. वैमानिकाला वळणात शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट भार सहन करत मान मागे वळवून पाहायचं असतं. त्याने गोळ्या झाडल्या, समोरच्या विमानातून धूर निघाला, ते विमान उलटं होऊन खाली झेपावलं. त्याच्या मागे जाऊन ते जमिनीवर आदळताना पाहत बसणं म्हणजे स्वतः मरण ओढवून घेणं. तो तळावर परततो आणि प्रामाणिकपणे सांगतो, 'मी पाडलं.' पण इंजिन एकदम पूर्ण जोरावर टाकलं तरी धूर निघतो, आणि जीव वाचवण्यासाठी वैमानिक मुद्दामही विमान खाली झोकून देतो. त्याच विमानावर दुसऱ्या वैमानिकानेही मारा केलेला असतो, तोही तेच सांगतो, आणि एका विमानाची दोन विमानं होतात. गन-कॅमेऱ्याच्या फिती मदतीला येतात, पण त्या गोळ्या लागल्याचं दाखवतात. विमान घरी पोहोचलं की नाही, हे त्या फितीत नसतं.

यात कोणा एका देशाचा दोष नाही. १५ सप्टेंबर १९४० या दिवशी ब्रिटिश हवाई दलाने १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्ध संपल्यावर जर्मन हवाई दलाच्या नुकसानीच्या नोंदी हाती आल्या तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. ब्रिटन आजही हाच दिवस 'बॅटल ऑफ ब्रिटन' दिन म्हणून पाळतं, आणि योग्य तेच करतं. कारण त्या दिवशी जर्मनीच्या मनसुब्यांना जो तडाखा बसला, तो साठ विमानांनीही बसलाच होता. कोरियातल्या युद्धात अमेरिकेने ७९२ मिग विमानं पाडल्याचा आणि त्या बदल्यात फक्त ७८ सेबर गमावल्याचा हिशेब मांडला होता. पुढे अमेरिकेच्या स्वतःच्या फेरतपासणीत आणि सोव्हिएत दप्तरं उघडल्यावर तो हिशेब टिकला नाही. सोव्हिएत वैमानिकांचे दावेही तितकेच फुगलेले निघाले. या बाबतीत ख्रिस्तोफर शोअर्स या ब्रिटिश इतिहासकाराचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. ब्रह्मदेश आणि मलायावरच्या हवाई युद्धाचा इतिहास लिहिताना त्यांनी यासुहो इझावा या जपानी अभ्यासकाला सोबत घेतलं आणि प्रत्येक दिवसाची दोन्हीकडची नोंद ताडून पाहिली. आपल्या हवाई दलाची पहिली मोठी कसोटी त्याच ब्रह्मदेशात लागली होती, त्यामुळे ही पद्धत आपल्याही घरची आहे.

एवढंच कशाला, आपल्या पहिल्या हवाई वीराचं उदाहरण घ्या. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय. जुलै १९१८ मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांच्या या मुलाने ब्रिटिश हवाई दलाच्या ४० व्या स्क्वाड्रनमधून उडताना दोन आठवड्यांच्या आत दहा विजय नोंदवले आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. आपल्याकडे 'त्याने दहा जर्मन विमानं पाडली' असं सर्रास लिहिलं जातं. मूळ नोंद पाहिली तर त्या दहांपैकी पाच विमानं 'नष्ट' आणि पाच 'ताबा सुटून खाली गेलेली' अशी आहेत. दोन विजय इतरांसोबत वाटून घेतलेले आहेत. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत ताबा सुटलेलं विमानही विजयात धरत असत. ही माहिती दिल्याने रॉय लहान होत नाही. एकूण १७० तासांच्या आसपास उड्डाण केलेला एक पोरसवदा वैमानिक काय करत होता, हे उलट जास्त स्पष्ट दिसतं.

आता आपल्याला जास्त जवळच्या, म्हणून जास्त कठीण गोष्टींकडे येतो. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी छोट्याशा नॅट विमानातून पाकिस्तानचं सेबर पाडलं, ही आपल्या हवाई दलाची जेटयुगातली पहिली शिकार म्हणून नोंदली गेली. देशभर आनंद झाला, वीरचक्र मिळालं. ज्याच्यावर मारा झाला ते सेबर फ्लाइट लेफ्टनंट युसुफ अली खान यांचं होतं, आणि चाळणी झालेलं ते विमान त्यांनी कसंबसं तळावर उतरवलं. हे मी लिहितो तेव्हा काही वाचकांना ते बोचेल याची मला जाणीव आहे. पण त्या दिवशी नॅटने सेबरला गाठलं, मागून धरलं आणि निकामी केलं, ही गोष्ट दोन्ही बाजू मान्य करतात. सेबरपुढे आपली विमानं टिकणार नाहीत ही धास्ती त्या सकाळी मोडली. युसुफ अली खान यांचं कौशल्य मान्य केल्याने कीलर यांच्या धैर्यातलं काही वजा होत नाही.

त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर उतरलं. ते आजही कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. स्टारफायटरने त्याला शरण यायला भाग पाडलं असं पाकिस्तानी बाजू सांगते. भारतीय बाजू दिशा चुकल्याचं आणि यंत्रणांच्या बिघाडाचं कारण देते. विमान समोर आहे, हात लावून पाहता येतं, आणि तरी ते तिथे का उतरलं याचं उत्तर ते देऊ शकत नाही. वस्तू हा पुरावा असतो, पण तो किती गोष्टींचा पुरावा असतो याची मर्यादा ओळखावी लागते.

मग सरगोध्यावरच्या त्याच ७ सप्टेंबरची दुसरी कथा येते. स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच भारतीय हंटर विमानं पाडली, असं पाकिस्तानात पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी १९६५ च्या हवाई युद्धावर २००५ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात भारतीय स्क्वाड्रनांच्या नोंदी, विमानांचे क्रमांक आणि वैमानिकांची नावं एकेक करून तपासली आहेत. त्या सकाळी सरगोध्यावर गेलेल्या हंटर तुकड्यांतून परत न आलेले वैमानिक तीन: स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत, फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार आणि युद्धकैदी झालेले स्क्वाड्रन लीडर ओ. एन. कक्कर. परत न आलेले तीन असतील तर पाडलेले पाच कसे असतील? आलम निष्णात वैमानिक होते यात शंका नाही. पण पाचाचा आकडा टिकत नाही. हे वाचून आपल्याकडच्या अनेकांना बरं वाटेल. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या तराजूने आलम यांचा आकडा तोलला त्याच तराजूने कीलर यांचा तोलला पाहिजे. जगन मोहन आणि चोप्रा यांनी तसं केलं, म्हणूनच सीमेपलीकडच्या अभ्यासकांनाही त्यांचं पुस्तक बाजूला टाकता आलं नाही.

बोयराच्या लढतीत हे सगळं एका ठिकाणी पाहायला मिळतं. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायच्या आधीची दुपार. बंगालच्या सीमेवर २२ व्या स्क्वाड्रनची चार नॅट तीन सेबर विमानांवर तुटून पडली. रॉय मॅसी, सोआरिस, गणपती आणि लाझारस हे चार वैमानिक. आपल्याकडे बातमी छापली गेली: तीन सेबर पाडली. दोन पडली याबद्दल वाद नाही, कारण परवेझ मेहदी कुरेशी आणि खलील अहमद हे दोन वैमानिक पॅरॅशूटने उतरले आणि पकडले गेले. त्यांतले कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरं सेबर विंग कमांडर अफझल चौधरी यांनी जखमी अवस्थेत ढाक्याच्या तेजगावला नेलं. पाकिस्तानी बाजूनेही नॅट पाडल्याचा दावा केला होता, आणि चारही नॅट सुखरूप परतली होती. दोन्हीकडचे दावे खोडले तरी उरतं ते काय? चार नॅट विरुद्ध तीन सेबर, दोन पडली, एक मोडकं परत गेलं, आपलं एकही गेलं नाही. हे कमी आहे का? मग तिसऱ्या सेबरची भर घालून खऱ्या विजयावर शंकेची सावली का पाडायची?

श्रीनगरच्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांच्याबद्दल तर मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. १४ डिसेंबर १९७१ ला तळावर बॉम्ब पडत असताना ते नॅट घेऊन धावपट्टीवरून उठले आणि सहा सेबर विमानांशी लढले. परमवीरचक्राच्या मानपत्रात त्यांनी दोन सेबरवर मारा केल्याचं म्हटलं आहे. पाकिस्तानी नोंदीत त्या हल्ल्यात एकही सेबर गमावल्याचं नाही. या विसंगतीमुळे अस्वस्थ होणाऱ्यांना मी विचारतो: सेखों यांचा मोठेपणा शत्रूच्या किती विमानांवर अवलंबून होता? बॉम्ब फुटत असलेल्या धावपट्टीवरून विमान उठवणं, एकटं पडल्यावरही लढत राहणं, हे ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्यांनीच मानलं आहे. पाकिस्तानी हवाई दलाचे निवृत्त एअर कमोडोर कैसर तुफैल यांनी त्या लढतीबद्दल जे लिहिलं आहे, त्यात सेखों यांच्याबद्दलचा आदर स्पष्ट दिसतो. शत्रूने दिलेली अशी साक्ष कोणत्याही आकड्यापेक्षा भारी असते.

पडताळणीचं काम प्रत्यक्षात कसं चालतं, याची थोडी कल्पना वाचकाला द्यायला हवी. सगळ्यात जास्त चुका शौर्याबद्दल होत नाहीत, घड्याळाबद्दल होतात. १९६५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे होतं आणि पूर्व पाकिस्तानचं अर्धा तास पुढे. एकाच लढतीच्या दोन वेळा सापडल्या की नवखा लेखक दोन लढती झाल्या असं समजतो, आणि मग पडलेली विमानंही दुप्पट होतात. दुसऱ्या महायुद्धात तर खुद्द भारताचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, आणि समोरचे जपानी टोकियोची वेळ लिहीत होते. दुसरी नेहमीची चूक हुद्द्यांची. घटनेच्या वेळी फ्लाइट लेफ्टनंट असलेला माणूस लेखात एअर मार्शल म्हणून विमान उडवताना दिसतो, कारण व्याख्यान देताना तो एअर मार्शल म्हणून निवृत्त झालेला असतो. मग विमानाचा क्रमांक. प्रत्येक विमानाला स्वतःचा क्रमांक असतो आणि जे विमान आज 'पडलं' असं सांगितलं जातं, तेच पुढच्या वर्षी एखाद्या वैमानिकाच्या लॉगबुकात उडताना सापडलं, की त्या पडण्याचा निकाल लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय स्क्वाड्रनांच्या रोजच्या कामगिरीच्या नोंदवह्या लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत आणि कोणालाही पाहता येतात. १९४७ नंतरच्या आपल्याच नोंदींपर्यंत पोहोचणं मात्र कठीण आहे, ही खेदाची गोष्ट मला इथे नोंदवावीच लागते.

आठवणींबद्दल सावधपणे लिहितो, कारण ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांच्या शब्दावर शंका घेणं कोणालाच आवडत नाही. पण चाळीस वर्षांनंतरच्या आठवणीत दुसऱ्यांकडून ऐकलेलं, पुस्तकात वाचलेलं आणि पडद्यावर पाहिलेलं मिसळून जातं. देवय्यांच्या हकीकतीवरून स्फुरलेला एक हिंदी चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात नावं बदललेली आहेत, प्रसंग रचलेले आहेत. चित्रपटाला तेवढं स्वातंत्र्य असतं. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र त्यातला प्रसंग उचलून 'असं घडलं' म्हणून लिहिणं हा देवय्यांवर दुसऱ्यांदा अन्याय आहे. प्रांताभिमानाचीही अशीच गोष्ट आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेलं पहिलं डाकोटा बिजू पटनाईक यांनी चालवलं होतं, असं अनेकदा छापलं जातं. हवाई दलाच्या इतिहासात ते नाव १२ व्या स्क्वाड्रनच्या विंग कमांडर के. एल. भाटिया यांचं आहे. पटनाईक खरोखरच धाडसी वैमानिक होते. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी इंडोनेशियाचे माजी पंतप्रधान सुतान शहरीर यांना डच वेढ्यातून विमानाने बाहेर काढलं होतं. ज्याच्याजवळ एवढं स्वतःचं आहे, त्याला भाटियांचं श्रेय देण्याची गरज काय?

छापलेल्या कागदावर आंधळा विश्वास ठेवला तर काय होतं, हे आपल्या दिलीप परुळकरांइतकं कोणाला कळलं नसेल. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचं सुखोई पडलं आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले आणि थेट खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सीमा काही मैलांवर राहिली होती. त्यांच्याजवळच्या नकाशात पुढे लंडी खाना हे रेल्वे स्थानक दाखवलेलं होतं, म्हणून त्यांनी तिथे जायची चौकशी केली. ते स्थानक १९३२ सालीच बंद झालेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाची वाट विचारणाऱ्या परक्यांबद्दल संशय आला आणि तिघेही पुन्हा पकडले गेले. कैदेतल्या माणसाकडे दुसरा नकाशा नव्हता. आज लिहिणाऱ्याला मात्र ही सबब सांगता येत नाही.

आणि हे सगळं कोणासाठी, याचं उत्तर मला १९ सप्टेंबर १९६५ च्या एका घटनेत मिळतं. त्या दिवशी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचं छोटं बीचक्राफ्ट विमान कच्छवर पाकिस्तानी सेबरने पाडलं. मेहता, त्यांच्या पत्नी, सहकारी, एक पत्रकार आणि वैमानिक जहांगीर इंजिनियर, असे आठ जण गेले. इंजिनियर हे हवाई दलाचे माजी अधिकारी, माजी हवाई दलप्रमुख अ‍ॅस्पी इंजिनियर यांचे बंधू. सेबर चालवणारे फ्लाइंग ऑफिसर कैस हुसेन होते. पुढची पंचेचाळीस वर्षं या घटनेभोवती निव्वळ कयास फिरत राहिले: वैमानिकाने ओळखूनही मारलं, वरून खास आदेश होता, वगैरे. २०११ मध्ये कैसर तुफैल यांनी त्या दिवसाचा तपशील शोधून काढून लेख लिहिला: नियंत्रण कक्षाने काय सांगितलं, विमान कोणतं समजलं गेलं, आदेश कसा आला. तो लेख प्रसिद्ध झाल्यानंतर कैस हुसेन यांनी जहांगीर इंजिनियर यांच्या मुलीला पत्र लिहून घडलेलं सांगितलं आणि दुःख व्यक्त केलं. तिने ते मोठ्या मनाने स्वीकारलं. एका संशोधनपर लेखाने सेहेचाळीस वर्षांनी दोन माणसांना एकमेकांशी बोलता आलं. अशी प्रत्येक तारीख, प्रत्येक वेळ, प्रत्येक नाव कोणाच्या तरी घरात अजून दुखत असतं.

तांबे हे नाव असंच दुखतं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ ला सुखोई-७ घेऊन शोरकोटवर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापली, त्यांत 'टॉम्बे' असं एक नाव होतं. त्या एका छापील नावावर एका कुटुंबाची सगळी आशा अनेक दशकं उभी राहिली. बेपत्ता सैनिकांच्या प्रश्नावर जे वाटेल ते लिहून टाळ्या मिळवणाऱ्यांनी हे आधी आठवावं.

या पुस्तकात १९४७ पासून १९७१ पर्यंतच्या लढतींवरचे लेख आहेत. प्रत्येक ठिकाणी 'दावा' आणि 'नुकसान' हे मी वेगवेगळे लिहिले आहेत. प्रतिपक्षाची नोंद सापडली तिथे ती दिली आहे, आणि ती आपल्या नोंदीशी जुळत नसेल तर दोन्ही ठेवून माझं मत का बनलं हे सांगितलं आहे. एकाच बाजूच्या शब्दावर टिकलेल्या गोष्टी तशाच म्हणून ओळखता येतील अशी काळजी घेतली आहे. काही आवडत्या कथा यात सापडणार नाहीत, कारण त्या पुराव्यावर उभ्या राहिल्या नाहीत.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या करण्याचं धोरण मान्य केलं. त्यानुसार १९६५ आणि १९७१ ची दप्तरं केव्हाच अभ्यासकांच्या हाती यायला हवीत. ते पूर्णपणे घडेपर्यंत आपल्यापाशी एक ठेवा आहे, जो सरकारच्या ताब्यात नाही: वैमानिकांची लॉगबुकं. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, काम, उड्डाणाचा वेळ, महिन्याअखेरीस वरिष्ठाची सही. पुणे, नाशिक, नागपूर, बेळगाव, गोवा, मुंबई अशा ठिकाणी हवाई दलातून निवृत्त झालेल्यांची शेकडो घरं आहेत आणि त्यांतल्या कपाटांत या वह्या आहेत. वडील गेले, घर रिकामं करायचं आहे, म्हणून अशी वही रद्दीत देऊ नका. तिच्या प्रत्येक पानाचं स्वच्छ छायाचित्र काढा, एक प्रत जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास संशोधन संस्थेला द्या, आणि त्यातली एखादी नोंद या पुस्तकातल्या मजकुराशी जुळत नसेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर मला अवश्य कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती वहीच्या मालकाच्या नावानिशी छापली जाईल.